मारी बाश्किर्त्सेफ आणि तिच्या वह्या

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात अहिल्याबाई किंवा सावित्रीबाई असणार, हे मी ओळखले. त्यांच्याविषयी लिहिण्यास माझ्याहून अधिकारी भगिनी मंडळात आहेत. मी निवडलेले नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नाही. फ्रान्समध्ये मात्र वाचणाऱ्या माणसांना ते शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. मारी बाश्किर्त्सेफ ही मुलगी वयाला सव्वीस पुरी होण्याच्या आतच पॅरिसमध्ये क्षयाने वारली. मागे तिने काही चित्रे ठेवली, आणि चौदा वर्षांची असल्यापासून मरणाच्या अकरा दिवस आधीपर्यंत लिहिलेली रोजनिशी ठेवली. त्या रोजनिशीचे पुढे काय झाले ही हकीकत तिच्या आयुष्याइतकीच सांगण्यासारखी आहे. ती सांगताना माझ्या हातून घडलेली एक गोष्टही मला सांगावी लागणार आहे.

मारीची आणि माझी ओळख विद्यापीठात झाली. दोन्ही मुले शाळेत जाऊ लागल्यावर मी फ्रेंच घेऊन एम्. ए.ला नाव घातले. वर्गात मी सगळ्यांत थोराड. बाकीच्या मुली मला काकू म्हणत. स्वतःविषयीचे लेखन असा एक वेगळा पेपर होता. त्यात सोळाव्या शतकातला मोंतेन होता, अठराव्या शतकातला रूसो होता, जॉर्ज सां होती. फ्रान्सबाहेर राहून किंवा बाहेरून येऊन फ्रेंचमध्ये लिहिणारी माणसेही होती. अल्जिरियाच्या आसिया जेबार यांचे पुस्तक १९८५ साली नुकतेच निघाले होते. त्याचे काही भाग आमच्या प्राध्यापकबाई स्वतः टंकलिखित करून आणीत. फिलीप लजन नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली मांडलेला एक विचार त्यांनी आम्हांला पहिल्याच तासाला सांगितला. आत्मचरित्र म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला एक करार. मुखपृष्ठावर ज्याचे नाव, मी म्हणून जो बोलतो तो, आणि ज्याची ही हकीकत तो, तिघे एकच आहेत, अशी हमी त्या करारात असते. मला हे फार साधे वाटले होते. मी मी म्हणून लिहिले की झाले, त्यात करार तो कसला? मारीच्या वह्यांची कथा ऐकेपर्यंत माझा असाच समज होता.

तिचा जन्म १८५८ सालचा, युक्रेनमधल्या पोल्ताव्हाजवळच्या गाव्ह्रोन्त्सी या गावचा. हा मुलूख तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होता. घर जमीनदाराचे, पण आईबापांचे पटले नाही. मारी अगदी लहान असतानाच आई तिला घेऊन माहेरी आली. १८७० साली आई, मावशी, आजोबा, भाऊ, मामेबहीण, घरचा डॉक्टर असे सारे बिऱ्हाड रशिया सोडून निघाले. व्हिएन्ना, बाडेन, जिनिव्हा करीत ते दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या नीस शहरी येऊन स्थिरावले. पैसा होता, तो बहुतेक मावशीचा. पण मावशीला नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीवरून रशियात दावा चालू होता आणि त्याची कुजबूज नीसपर्यंत पोचली होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी आई आणि भांडखोर मामा यांची त्यात भर. मोठमोठी घरे या कुटुंबाला बोलावीत नसत. खिडकीतून बग्ग्या जाताना दिसत, आणि आपल्या दाराशी त्यांतली एकही थांबत नाही हे त्या मुलीला रोज दिसे. ज्यांनी गावात असा अबोला सोसला असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

जानेवारी १८७३ मध्ये तिने रोजनिशी सुरू केली. घरात बोलायची भाषा रशियन, पण वही फ्रेंचमध्ये. त्या काळी फ्रान्समधल्या चांगल्या घरच्या मुलींना रोजनिशी लिहायला लावीतच असत. शिक्षिका किंवा आई ती वाचून पाही. शिस्त, देवधर्म आणि शुद्धलेखन अशी तीन कामे एका वहीत होत. लजन यांनी अशा मुलींच्या रोजनिशांचा मोठा अभ्यास पुढे १९९३ साली प्रसिद्ध केला. मारीची वही या चालीत बसत नाही. तिला ती कोणाला तपासायला द्यायची नव्हती. पुढे कधीतरी साऱ्या जगाने वाचावी अशी तिची इच्छा होती. पहिल्या वह्यांत काय आहे म्हणाल, तर ड्यूक ऑफ हॅमिल्टन. रस्त्यावरून जाताना पाहिलेल्या या गृहस्थावर तिचे मन बसले. त्याच्याशी एक शब्दही बोलणे झालेले नव्हते. त्याचे लग्न ठरल्याचे त्याच वर्षी कळले आणि चौदा वर्षांच्या मुलीने वहीत आकाशपाताळ एक केले. हसू येते, पण मी त्या वयात काय लिहिले असते ते आठवून फारसे हसवत नाही.

शिकण्याची हौस मात्र खरी. मास्तरणी बदलत, कोणी टिकत नसे. तेव्हा तिने स्वतःच अभ्यासक्रम आखला. मुलगे शाळेत जे शिकतात ते मलाही हवे म्हणून लॅटिन आणि ग्रीक हाती घेतले. गाणारी व्हायचे तिचे पहिले स्वप्न होते. आवाज उत्तम होता, पण घशाचे दुखणे जडले आणि आवाज गेला. १८७६ साली रोममध्ये एका कार्डिनलच्या पुतण्याशी, पिएत्रो आंतोनेल्लीशी, थोडे प्रेमप्रकरण झाले. त्याच्या घरच्यांपुढे त्याचे काही चालले नाही. त्याच वर्षी ती रशियात बापाला भेटून आली. या प्रकरणावर लोकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. मला त्यात फार अर्थ वाटत नाही, म्हणून पुढे जाते.

ऑक्टोबर १८७७ मध्ये ती पॅरिसच्या झुलियां अकादमीत चित्रकला शिकण्यास गेली, आणि तिथून तिचे खरे आयुष्य सुरू झाले. सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो पुढे १८९७ साली मिळाला. रोदोल्फ झुलियां यांनी खासगी वर्ग काढून त्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली ठेवली होती. फी पुरुषांपेक्षा जास्त. पण समोर माणूस उभा करून चित्र काढायला मिळे आणि तोनी रोबेर-फ्लरी यांच्यासारखे नावाजलेले चित्रकार येऊन काम तपासून जात. सकाळी आठला ही श्रीमंताघरची मुलगी रंगाने माखलेला अंगरखा घालून हजर असे. इतरांची वर्षे शिकण्यात गेली आहेत, मला ती महिन्यांत भरून काढायची आहेत, असा तिचा हिशेब होता.

वर्गात लुईझ ब्रेस्लो नावाची एक मुलगी होती, झुरिकहून आलेली, गरीब, पण हात विलक्षण. मारीने तिचा जो मत्सर केला आहे तो वाचताना अवघडल्यासारखे होते. ब्रेस्लोची शाबासकी ऐकून रात्री झोप लागली नाही, असे प्रसंग एक नाही, अनेक आहेत. स्वतःच्या रूपाचे कौतुक, हातांचे कौतुक, पांढऱ्या पोशाखाचे कौतुक, तेही आहेच. ती गोड मुलगी नव्हती. आपल्या मंडळात आली असती तर चिटणीसबाईंशी तिचे चार दिवससुद्धा पटले नसते. तरी तिच्याइतका स्वतःचा हिशेब चोख ठेवणारी बाई मी वाचलेली नाही. जमेची बाजू फुगवते, पण खर्चाची लपवीत नाही.

एक खंत तिच्या वह्यांतून पुन्हा पुन्हा येते. तिला एकटीने रस्त्यावरून चालता येत नसे. चित्रांच्या संग्रहालयात जायचे तर गाडी हवी, सोबतीला कोणी बाई हवी. ती बाई तयार होईपर्यंत दिवस मावळे. वर्गातले पुरुष विद्यार्थी वाटेल त्या कोपऱ्यावर थांबून वाटेल त्याचे चित्र काढीत. त्यांच्यात आणि आपल्यात बुद्धीचा फरक नाही, रस्त्याचा आहे, हे तिला नेमके कळले होते. १८८० च्या अखेरीस ती हुबेर्तीन ओक्लेर यांच्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीकडे वळली. १८८१ साली ओक्लेरबाईंनी ला सितोयेन, म्हणजे नागरिक स्त्री, या नावाचे पत्र काढले. त्यात मारीने पोलीन ओरेल या टोपणनावाने लेख लिहिले आणि सरकारी कलाशाळेची दारे स्त्रियांना बंद का, असा जाब विचारला. घरी कळले असते तर गहजब झाला असता.

याच सुमारास झुलियां यांच्या सांगण्यावरून तिने आपल्या वर्गाचेच चित्र काढले. दाटीने बसलेल्या मुली, मध्ये उभा केलेला एक लहान मुलगा. ते चित्र आज युक्रेनमधल्या द्निप्रो शहरच्या संग्रहालयात आहे. पुढे झ्यूल बास्तियां-लपाझ या तरुण चित्रकाराला तिने गुरू मानले. तो शेतावरची, रस्त्यावरची साधी माणसे काढी. तिनेही तेच हाती घेतले. १८८४ च्या सालों प्रदर्शनात तिने मांडलेले मीटिंग हे चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लाकडी कुंपणापाशी सहा पोरे घोळका करून उभी आहेत. एकाच्या हातात काहीतरी आहे आणि बाकीचे त्यात डोके घालून मोठ्या मसलतीत गढले आहेत. उजवीकडे, मागे, एक लहान मुलगी पाठमोरी एकटी चालली आहे. पहिल्यांदा मला ती दिसलीच नव्हती. प्राध्यापकबाईंनी पुस्तकातल्या छापील चित्रावर बोट ठेवून दाखविली. लोकांनी आणि वृत्तपत्रांनी चित्राचे कौतुक केले, पदक मात्र मिळाले नाही. तिला ते फार लागले.

कारण वेळ उरला नव्हता. घशाचे दुखणे छातीत उतरले होते. त्याआधीच कानांनी दगा दिला होता. ऐकू कमी येते हे ती वर्गात कोणाला कळू देत नसे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाही, अंदाजाने हसे, आणि घरी येऊन वहीत सगळे लिही. आपल्याकडे आनंदीबाई जोशी याच क्षयाने १८८७ साली पुण्यात गेल्या, बाविसावे वर्ष चालू असताना. मारीची रोजनिशी छापून आली तेही १८८७ सालीच. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या सालाचा आकडा पाहिला की मला दोघी आठवतात.

१८८४ च्या मे महिन्यात तिने रोजनिशीला प्रस्तावना लिहिली. आपण फार जगणार नाही हे तिने त्यात उघड मानले आहे. चित्रकार म्हणून नाव होण्याइतके आयुष्य मिळाले नाही तर निदान ही वही लोकांपुढे यावी, आणि ती जशी आहे तशी यावी. एका बाईचे आयुष्य काहीही न लपवता लिहिलेले आहे एवढीच तिची किंमत आहे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी टोपणनाव घेऊन तिने मोपासां या प्रसिद्ध कथालेखकाशी काही पत्रे खेळली, बहुधा आपली वही सांभाळील असा कोणी मिळतो का ते पाहायला. मोपासां तिला तसा वाटला नाही. शरद ऋतूत तिला चालवेना. बास्तियां-लपाझही कर्करोगाने आजारी. त्याला भाऊ उचलून तिच्या घरी आणी, आणि दोन मरणारी माणसे समोरासमोर खुर्च्यांत बसून राहत. २० ऑक्टोबरला तिने शेवटचे लिहिले आणि ३१ ऑक्टोबरला ती गेली. डिसेंबरात तोही गेला. पासीच्या दफनभूमीत घुमट असलेली तिची समाधी त्याच्याच भावाने, एमीलने, बांधून दिली.

आता वह्यांचे. आईने त्या आंद्रे तरिये या लेखकाच्या हाती दिल्या आणि १८८७ साली दोन खंडांत रोजनिशी निघाली. पुस्तक गाजले. इंग्लंडात ग्लॅडस्टनसाहेबांनी १८८९ साली त्यावर लेख लिहिला, पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर आले, आणि किती देशांतल्या मुलींनी त्यावरून आपापल्या वह्या सुरू केल्या. एक स्वप्नाळू, नटवी, अकाली गेलेली पोर, अशी तिची मूर्ती लोकांच्या मनात बसली. सिमोन द बोव्हुआर यांनी १९४९ साली स्त्रीजीवनावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा आरशात रमणाऱ्या स्त्रीचे उदाहरण म्हणून त्यांनी मारीच निवडली. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्यापुढे छापील पुस्तकच होते.

मूळ वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होत्या. कोलेत कोस्निये या विदुषीने त्या काढून छापील प्रतीशी ताडून पाहिल्या आणि १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. जन्मसाल १८५८ चे १८६० केलेले होते. चौदा वर्षांची मुलगी पुस्तकात बारा वर्षांची होऊन लिहू लागते. दाव्याची, मामाची, घरातल्या भांडणांची पाने गेलेली होती. ओक्लेरबाई आणि स्त्रियांच्या हक्कांविषयीचा मजकूरही गेला होता. जिथे तिची भाषा रोखठोक, तिथे ती मऊ केलेली होती. मजकूर मारीचा, पण करार तिच्या नावावर दुसऱ्यांनीच केलेला. पुढे तिच्या चाहत्यांच्या मंडळाने १९९५ ते २००५ या दहा वर्षांत वह्या जशाच्या तशा सोळा खंडांत छापल्या. मूळच्या दोन खंडांशेजारी हे सोळा ठेवून पाहावेत.

आम्हांला वर्गात हे शिकविले तेव्हा मी त्या आईवर फार चिडले होते. टिपणवहीत तिच्याविषयी लिहिलेले शब्द आज वाचवत नाहीत. लेकीने मरताना मागितलेली एकच गोष्ट या बाईला देता आली नाही, असे मी परीक्षेतही लिहिले आणि मला त्या उत्तराला चांगले गुण मिळाले.

१९९१ साली माझ्या सासूबाई गेल्या. त्यांच्या ट्रंकेत दुधाच्या हिशेबाची निळी वही सापडली. मागच्या पानापासून त्यांनी आपले आयुष्य लिहिले होते. वर्षश्राद्धाला छोटे पुस्तक छापून नातेवाइकांना वाटावे असे घरात ठरले, आणि शिकलेली म्हणून काम माझ्याकडे आले. वहीत अकरा पाने अशी होती की ती वाचून मी उठून दार लावून घेतले. १९४१ साली त्यांना शाळेत नोकरी लागली होती. घरातून नाही म्हणवून घेतले गेले. अंगावरचे सोने कोणाच्या धंद्यासाठी कसे गेले, तो धंदा कसा बुडाला, आणि नंतर त्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही, तेही होते. मामंजी तेव्हा हयात होते. मी ती अकरा पाने गाळली. त्यांचे कोकणातले शब्द बदलून पुस्तकी केले. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण शेवट तुटक वाटतो म्हणून संसार सुखाचा झाला अशा अर्थाचे एक वाक्य मी माझ्या पदरचे घातले. छापील पुस्तकात ते त्यांच्या तोंडी आहे. सगळ्यांना तेच वाक्य आवडले. एका आत्याबाईंनी ते पोस्टकार्डावर उतरवून मला पाठविले.

मारीच्या आईला मी तेव्हापासून नावे ठेवीत नाही. तिच्याही घरात दाराबाहेर कोणीतरी हयात असणार. एकुलती मुलगी गेलेली, नीसमधली बंद दारे आठवत असलेली बाई ती. पुन्हा चारचौघांनी बोटे दाखवू नयेत एवढेच तिने पाहिले असेल. तिने वह्या जाळल्या मात्र नाहीत, हे तिच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. जाळल्या असत्या तर सोळा खंड कशाचे निघाले असते? आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे पुढे आली. त्या आपल्या हातात आहेत म्हणून आपल्याला वाटते की बायकांचे लिहिलेले आपोआप टिकते. ट्रंकेतून थेट रद्दीत गेलेल्या वह्यांची मोजदाद कोण करणार?

फ्रान्समध्ये अँबेरियू नावाच्या लहान गावी लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक संस्था काढली. साध्या माणसांच्या रोजनिशा, आठवणी, पत्रे तिथे ठेवून घेतात. नाव मोठे असावे लागत नाही, भाषा शुद्ध असावी लागत नाही. आलेले प्रत्येक लिखाण कोणीतरी सभासद पूर्ण वाचतो, त्याचा सारांश लिहितो, आणि मग ते जपून ठेवले जाते. आपल्या मंडळाच्या वाचनालयात खिडकीखालचे कपाट अर्धे रिकामे आहे. कार्यकारिणीपुढे मी हा विषय ठेवणार आहे. कुलूप लावता येईल का, आणि किल्ली कोणाकडे राहील, हे आधी ठरवावे लागेल.

सासूबाईंची निळी वही माझ्याजवळ आहे. मामंजींना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. गणपतीनंतर मी ती पुन्हा उतरवायला घेतली, पहिल्या ओळीपासून, त्यांच्याच शब्दांत, दुधाचे हिशेब जिथे मध्ये आले आहेत तिथे तेही धरून. अक्षर बारीक आहे आणि माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. आजवर तेवीस पाने झाली. धाकट्या भाऊजींना हे पसंत नाही. छापायचे की नाही ते नंतर पाहू, उतरवून तर ठेवते, असे मी त्यांना सांगितले आहे.